एक संगणक, दोन कार्यप्रणाली : विंडोजशेजारी लिनक्स

ग्रामपंचायतीच्या कार्यालयात एके काळी लाकडी कपाटात दिसणाऱ्या नोंदवह्यांचा बराचसा भाग आता टेबलावरच्या संगणकात आढळतो. कर आकारणीचा नमुना ८, कर मागणीचा नमुना ९, ग्रामसभेची इतिवृत्ते, दाखल्यांचे मसुदे. आणि गावच्या शाळेत गेल्यास विद्यार्थ्यांच्या याद्या, पोषण आहाराचा हिशेब, निकालपत्रके. कपाटाला वाळवी लागली तर ती डोळ्यांना दिसते. संगणक मात्र एखाद्या सकाळी सुरू झाला नाही, तर आत काय उरले आणि काय गेले हे कोणालाच सांगता येत नाही. अशा वेळी बोलावलेला दुरुस्ती करणारा मुलगा बहुधा एकच उपाय सुचवितो : "फॉरमॅट मारावा लागेल." कार्यालयातील मंडळीही निरुपायाने मान डोलावतात, आणि काही वर्षांचे काम अर्ध्या तासात पुसले जाते.

वस्तुतः सुरू न होणाऱ्या संगणकातील माहिती बहुतेक वेळा जशीच्या तशी असते. बिघाड घरात नसतो, दारात असतो. दार उघडत नाही म्हणून घर पाडण्याचे कारण नाही. एकाच संगणकावर विंडोज आणि लिनक्स अशा दोन कार्यप्रणाली शेजारीशेजारी नांदविण्याचा विषय या दृष्टीने अभ्यासण्याजोगा आहे. कारण त्यामुळे घराला दुसरे दार मिळते. पण ते बसविताना हयगय झाली तर पहिले दारही अडते.

या विषयाला आज निकड प्राप्त झाली आहे ती एका तारखेमुळे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० या कार्यप्रणालीचा नियमित पाठिंबा संपला. मर्यादित काळासाठी वाढीव सुरक्षा-सुधारणांची सोय ठेवण्यात आली असली, तरी ती कायमची नव्हे. पुढील आवृत्ती, म्हणजे विंडोज ११, ही टीपीएम २.० नावाचा सुरक्षा-घटक आणि साधारणपणे २०१७-१८ नंतरचा प्रोसेसर असलेल्या यंत्रांवरच अधिकृतपणे बसते. नाशिक जिल्ह्याच्या पंधरा तालुक्यांत शाळांना व कार्यालयांना टप्प्याटप्प्याने मिळालेल्या संगणकांत याहून जुनी यंत्रे आहेत, हे शिक्षकांना व ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना सांगावयास नको. पडदा उजळतो, कळफलक शाबूत आहे, बेरजा बरोबर येतात. आणि तरी यंत्र निकालात निघाल्यासारखे होते. सुरगाणा किंवा पेठसारख्या तालुक्यात नवे यंत्र मिळेपर्यंत काय करावयाचे, हा प्रश्न कागदावरचा नाही.

लिनक्सचा परिचय

कार्यप्रणाली, म्हणजे रोजच्या बोलण्यातील 'ऑपरेटिंग सिस्टिम', ही संगणकाची कारभारी होय. कळफलकावरील अक्षर पडद्यावर आणणे, फाईल योग्य जागी ठेवणे, छपाईयंत्राला कागद मागणे ही सर्व कामे तिच्यामार्फत चालतात. आपल्याकडे संगणक साक्षरतेचा मोठा प्रसार एमएस-सीआयटी अभ्यासक्रमाने केला आणि तो प्रामुख्याने विंडोजवर झाला. त्यामुळे विंडोज म्हणजेच संगणक असा समज रुजला तर नवल नाही.

फिनलंडमधील हेलसिंकी विद्यापीठात शिकणाऱ्या लिनस टोरवाल्ड्स या २१ वर्षांच्या विद्यार्थ्याने ऑगस्ट १९९१ मध्ये आपण एक कार्यप्रणाली तयार करीत असल्याचे जाहीर केले. तिचा गाभा म्हणजे लिनक्स. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये घोषित केलेल्या 'ग्नू' प्रकल्पातील साधने त्याला जोडली गेली आणि त्याच प्रकल्पाच्या परवान्याखाली हा गाभा सर्वांना खुला झाला. तो कोणीही वापरावा, अभ्यासावा, बदलावा आणि पुढे द्यावा, अशी ही व्यवस्था आहे. शिक्षकांच्या खिशातील अँड्रॉइड फोन याच गाभ्यावर चालतो. आणि जगातील सर्वाधिक वेगवान ५०० महासंगणकांच्या यादीतील प्रत्येक यंत्र नोव्हेंबर २०१७ पासून लिनक्सवर चालत आले आहे. लिनक्स 'फुकट आहे म्हणून हलके आहे' असे मानणाऱ्यांनी या दोन टोकांचा विचार करावा.

या गाभ्याभोवती निरनिराळ्या संस्थांनी वापरास सुलभ असे संच बांधले आहेत. डेबियन, उबंटू, लिनक्स मिंट ही त्यांतील परिचित नावे. आपल्या देशात सी-डॅक या शासकीय संस्थेने डेबियनच्या आधारे 'बॉस', म्हणजे भारत ऑपरेटिंग सिस्टिम सोल्यूशन्स, हा संच २००७ मध्ये उपलब्ध केला. त्याची शाळांसाठीची आवृत्तीही निघाली. केंद्र शासनाने २०१५ मध्ये शासकीय कामात मुक्त स्रोत आज्ञावलींना प्राधान्य देण्याचे धोरण जाहीर केले. केरळने शालेय संगणक शिक्षण लिनक्सवर नेले. तमिळनाडूने २०११ पासून विद्यार्थ्यांना वाटलेल्या लॅपटॉपवर विंडोज व बॉस या दोन्ही प्रणाली एकत्र दिल्या. प्रस्तुत विषयाचे ते मोठ्या प्रमाणावरील उदाहरण होय. महाराष्ट्रातही रायगड जिल्ह्यात कर्जत भागातील खैरात या छोट्या गावी २००७ मध्ये मुलांच्या हाती जे हिरवे-पांढरे लॅपटॉप आले, त्यांच्या आत लिनक्सच होते. पहिलीदुसरीच्या मुलांना ते कठीण वाटले नाही. अडचण मोठ्यांना वाटते, कारण त्यांना एक सवय मोडून दुसरी लावावी लागते.

मग विंडोज काढूनच का टाकू नये? याचे उत्तर व्यवहारात आहे. डिजिटल स्वाक्षरीचे काही टोकन, एखाद्या विभागाची जुनी आज्ञावली, एखाद्या छपाईयंत्राचा चालक केवळ विंडोजवरच चालतो. तेवढ्या कामासाठी विंडोज ठेवून इंटरनेट, टपाल, पत्रव्यवहार व अध्यापन ही रोजची कामे लिनक्सवर करणे हा मध्यममार्ग आहे. सुरक्षा-सुधारणा न मिळणारी विंडोज इंटरनेटशी जोडून ठेवणे धोक्याचे आहे, एवढे लक्षात घेतले तर ही वाटणी कशी असावी हे वेगळे सांगावे लागत नाही.

डिस्कची फाळणी

दोन प्रणाली एका डिस्कवर कशा राहतात, हे पंचायत सदस्यांना जमिनीच्या उदाहरणाने चटकन समजेल. हार्ड डिस्क हा एक गट क्रमांक समजावा. त्याचे पोटहिस्से पाडता येतात; त्यांना पार्टिशन म्हणतात. कोणता हिस्सा कोठून कोठपर्यंत, हे डिस्कच्या आरंभी एका तक्त्यात लिहिलेले असते. हा तक्ता म्हणजे डिस्कचा फाळणी-उतारा. जुन्या पद्धतीच्या तक्त्यात चारच मुख्य हिस्से मावतात आणि सुमारे दोन टेराबाइटच्या पुढची जागा त्यात नोंदता येत नाही; जीपीटी नावाच्या नव्या पद्धतीत सामान्यतः १२८ हिस्से नोंदता येतात आणि त्याची एक प्रत डिस्कच्या शेवटीही ठेवली जाते. उतारा फाटला म्हणून जमीन नाहीशी होत नाही. तक्ता बिघडला तर हिस्से दिसेनासे होतात. आतले पीक जागेवरच असते.

प्रत्येक प्रणाली आपल्या हिश्श्यात आपल्या पद्धतीने वाफे पाडते. विंडोजची पद्धत एनटीएफएस, लिनक्सची बहुधा एक्स्ट-४. लिनक्सला विंडोजचे वाफे वाचता येतात. विंडोजला मात्र लिनक्सचे वाफे स्वतःहून वाचता येत नाहीत. यातूनच एक मोठा अपघात संभवतो. लिनक्सचा हिस्सा किंवा लिनक्सवर तयार केलेली बाहेरची डिस्क समोर आली की विंडोज काही वेळा नम्रपणे सुचविते, की ही डिस्क वापरण्यापूर्वी ती फॉरमॅट करणे आवश्यक आहे. हा संदेश खोटा नाही, पण अपुरा आहे. 'मला वाचता येत नाही' एवढाच त्याचा अर्थ. 'आत काही नाही' असा नव्हे. संदेश बंद करावा आणि तीच डिस्क लिनक्समध्ये उघडून पाहावी.

आधीची तयारी

तयारीचा पहिला भाग संगणकाबाहेरचा आहे. यंत्र शासकीय असल्याने कार्यालयप्रमुखाची किंवा मुख्याध्यापकांची लेखी अनुमती घ्यावी. सर्व महत्त्वाच्या फाईलींची प्रत बाहेरच्या डिस्कवर काढावी आणि ती प्रत दुसऱ्या संगणकावर उघडून पाहावी. न उघडून पाहिलेली प्रत म्हणजे प्रतच नव्हे.

त्यानंतर विंडोजमध्येच काही गोष्टी पाहून घ्याव्या लागतात. डिस्कला बिटलॉकरचे कुलूप आहे काय, हे तपासावे. असल्यास त्याची ४८ अंकी पुनर्प्राप्ती-किल्ली कागदावर उतरवून कार्यालयाच्या तिजोरीत ठेवावी. कारण सुरू होण्याच्या क्रमात बदल झाला की विंडोज ती मागू शकते, आणि ती नसेल तर मात्र माहिती खरोखरच हातची जाते. या संपूर्ण लेखातील हा एकच असा प्रसंग आहे, की ज्यात दार आणि घर यांत फरक उरत नाही. दुसरे म्हणजे 'फास्ट स्टार्टअप' ही सोय बंद करावी. ती चालू असता विंडोज बंद केल्यावरही पूर्ण बंद होत नाही, अर्धवट झोपते. आणि झोपलेल्या विंडोजच्या हिश्श्यात लिनक्सने काही लिहिले तर फाईली बिघडू शकतात. लिनक्स शहाणपणाने असा हिस्सा केवळ वाचनापुरताच उघडते. "लिनक्समध्ये माझी फाईल साठवली जात नाही" या तक्रारीचे कारण पुष्कळदा हेच असते.

लिनक्ससाठी जागा करावयाची ती विंडोजच्याच 'डिस्क मॅनेजमेंट'मधून विंडोजचा हिस्सा आखडून. २० जीबी ही किमान मर्यादा झाली. ५० ते १०० जीबी असल्यास चार-पाच वर्षे अडचण येऊ नये. स्मरणशक्ती, म्हणजे रॅम, ४ जीबी असल्यास लिनक्स मिंटसारखा संच समाधानकारक चालतो. फार जुन्या ३२-बिट यंत्रांच्या बाबतीत मात्र आशा ठेवू नये. डेबियननेही ऑगस्ट २०२५ च्या तेराव्या आवृत्तीपासून त्यांच्यासाठी स्थापना-संच देणे थांबविले आहे.

संच इंटरनेटवरून उतरवून किमान ८ जीबीच्या पेनड्राईव्हवर घ्यावा. हा पेनड्राईव्ह पूर्ण पुसला जातो, तेव्हा तो रिकामाच असावा. त्यावरून संगणक सुरू केला असता डिस्कला हात न लावता लिनक्स जसेच्या तसे चालविता येते. याला 'लाइव्ह' पद्धत म्हणतात. नवशिक्यांनी दोन-चार दिवस एवढेच करावे. वाय-फाय लागते काय, छपाई होते काय, प्रोजेक्टरवर चित्र येते काय, आवाज येतो काय, हे सर्व बसविण्यापूर्वीच कळते. काही यंत्रांत लाइव्ह लिनक्सला डिस्कच दिसत नाही. अशा वेळी डिस्क खराब आहे असे समजू नये. संगणकाच्या मूळ मांडणीत ती 'रेड' प्रकारे जोडलेली असते, ती 'एएचसीआय' प्रकारे करावी लागते. पण हा बदल विंडोजला आधी सेफ मोडमध्ये सुरू करण्याची तयारी केल्याशिवाय करू नये, नाही तर विंडोज सुरू होणार नाही.

प्रत्यक्ष स्थापनेतील एक पडदा सर्वांत धोक्याचा असतो. त्यावर साधारणपणे दोन पर्याय दिसतात : विंडोजच्या शेजारी बसवा, आणि संपूर्ण डिस्क पुसून बसवा. दुसऱ्या पर्यायावर बोट पडले आणि पुढची खात्री न वाचता 'होय' म्हटले, की नमुना ८ गेला. या पडद्यापाशी दोन माणसे उपस्थित असावीत, एकाने वाचावे आणि दुसऱ्याने कळ दाबावी. बँकेच्या तिजोरीला दोन किल्ल्या असतात, त्यातलाच हा प्रकार.

दार कोठे अडले?

संगणक सुरू होतो तो एका क्रमाने. प्रथम मुख्य पटलावरील मूळ आज्ञावली जागी होते. जुन्या यंत्रांत तिला बायोस, नव्यांत यूईएफआय म्हणतात. ती स्मरणशक्ती, कळफलक, डिस्क तपासते. मग तिच्याजवळील यादीत पाहून कोणाला हाक मारावयाची हे ठरविते. ज्याला हाक मारली तो 'प्रारंभक' असतो. विंडोजचा विंडोज बूट मॅनेजर, लिनक्सचा ग्रब. प्रारंभक कार्यप्रणालीचा गाभा उचलून स्मरणात आणतो, गाभा हिस्से उघडतो, आणि शेवटी नाव व परवलीचा शब्द विचारणारा पडदा येतो. बिघाड शोधणे म्हणजे या साखळीतील कोणत्या कडीपर्यंत गाडी आली हे पाहणे. याकरिता पडद्यावरील संदेशाचे फोनवर छायाचित्र घ्यावे. "काहीतरी इंग्रजीत आले होते" एवढ्यावर कोणालाही निदान करता येत नाही.

पडदा काळाच राहिला आणि मूळ आज्ञावलीचे चिन्हही दिसले नाही, तर दोष यंत्रात आहे. दोन्ही प्रणाली निर्दोष आहेत. चिन्ह दिसले, पण निवडीची यादी न येता सरळ विंडोज सुरू झाली, तर लिनक्स पुसले गेले असे नव्हे. विंडोजच्या एखाद्या मोठ्या अद्ययावतीकरणानंतर हाक मारण्याच्या यादीत तिचे नाव पहिले जाते. यंत्र सुरू होताना एफ-२, एफ-१२ किंवा डिलीट यांपैकी जी कळ त्या बनावटीला लागू असेल ती दाबून मूळ मांडणीत जावे आणि लिनक्सचे नाव वर आणावे. एवढ्याने काम भागते. यूईएफआय यंत्रांत दोन्ही प्रारंभक एका छोट्या सामाईक हिश्श्यात, आपापल्या स्वतंत्र कप्प्यात राहतात. गावची चावडी जशी सर्वांची, तसा हा हिस्सा. स्थापना करताना तो कधीही फॉरमॅट करू नये. बायोसच्या जुन्या यंत्रांत मात्र प्रारंभकाला डिस्कच्या आरंभीच एकच जागा असते, आणि शेवटी आलेला तेथे बसतो. म्हणूनच आधी विंडोज आणि मागाहून लिनक्स हा क्रम सांगितला जातो.

उलट प्रकारही घडतो. यादी येते, तिच्यात लिनक्स असते, पण विंडोजचे नाव नसते. लिपिक घाबरतो. येथेही काही गेलेले नसते. ग्रबच्या २०२१ मधील २.०६ या आवृत्तीपासून इतर प्रणालींचा शोध घेण्याचे काम सुरक्षेच्या कारणास्तव आपोआप होईनासे झाले. काही संचांनी ते पुन्हा चालू ठेवले, काहींनी नाही. ग्रबच्या मांडणी-फाईलमध्ये 'ओएस-प्रोबर' या शोधकावरील बंदी उठवून, अपडेट-ग्रब ही आज्ञा दिली की विंडोजचे नाव यादीत परत येते. आज्ञा अर्थातच रोमन लिपीत टंकावी लागते.

सर्वांत अधिक धास्ती वाटते ती 'ग्रब रेस्क्यू' हे दोन शब्द काळ्या पडद्यावर आल्यावर. याचा इतिहास बहुधा असा असतो : कोणीतरी विंडोजमधून डिस्कची पाहणी केली, नाव नसलेला एक मोठा हिस्सा पाहिला, आणि जागा वाया जाते आहे असे समजून तो काढून टाकला. तो लिनक्सचा होता. ग्रबचा पहिला तुकडा जागेवर आहे, पण पुढचे सामान गेले. यूईएफआय यंत्रावर मूळ मांडणीतून विंडोज बूट मॅनेजर निवडला की विंडोज पूर्ववत सुरू होते. जुन्या यंत्रावर विंडोजच्या दुरुस्ती-पेनड्राईव्हवरून तिचा प्रारंभक परत लिहावा लागतो. आणि काढून टाकलेल्या हिश्श्यात कामाच्या फाईली असतील, तर त्या डिस्कवर पुढे काहीही न लिहिता यंत्र बंद करावे. फाळणीचा तक्ता परत मांडणारी साधने आहेत आणि साध्या फिरत्या डिस्कवर ती पुष्कळदा यशस्वी होतात. एसएसडी प्रकारच्या डिस्कवर ती आशा कमी, कारण मोकळी झालेली जागा ती स्वतःच साफ करते.

दोन्ही प्रणाली सुरू होईनाशा झाल्या, तर लाइव्ह पेनड्राईव्ह पुन्हा काढावा. त्यावरून यंत्र सुरू करून डिस्कचे हिस्से उघडावेत आणि फाईली बाहेरच्या डिस्कवर उतरवून घ्याव्यात. दुरुस्ती त्यानंतर. हा क्रम दुरुस्ती करणाऱ्यालाही पाळावयास लावावा; फॉरमॅटला संमती देण्याचा अधिकार प्रत निघाल्यावरच वापरावा. एखादी नोंद 'संगणकाबरोबर गेली' हे उत्तर माहितीच्या अधिकारात अर्ज करणाऱ्या ग्रामस्थाचे समाधान करणारे नाही.

साडेपाच तासांचा फरक

दोन प्रणाली एकत्र नांदू लागल्या की काही दिवसांत घड्याळाची तक्रार येते. सकाळी साडेदहाला उघडलेल्या कार्यालयात विंडोज पहाटेचे पाच वाजले असे दाखविते. किंवा लिनक्स दुपारचे चार दाखविते. फरक नेमका साडेपाच तासांचा, आणि त्यातच त्याचे मूळ आहे. यंत्राच्या पटलावर एक स्वतंत्र घड्याळ असते. विंडोज त्यात स्थानिक वेळ लिहिते. लिनक्स त्यात जागतिक प्रमाणवेळ लिहिते आणि दाखविताना भारतासाठी साडेपाच तास मिळविते. एकाने लिहिलेले दुसरा आपल्या रीतीने वाचतो. इंटरनेट मिळताच वेळ दुरुस्त होते, पण जेथे ते अधूनमधूनच मिळते तेथे चुकीची वेळ फाईलींवर आणि नोंदींवर बसते. 'टाइमडेटकंट्रोल' या लिनक्समधील साधनाद्वारे यंत्रातील घड्याळ स्थानिक वेळेवर ठेवण्याची आज्ञा एकदा दिली की भांडण मिटते.

फरक साडेपाच तासांचा नसून घड्याळ दर वेळी काही वर्षे मागे जात असेल, तर कारण निराळे आहे. पटलावरील नाण्याएवढी बॅटरी संपलेली असते. तिचा क्रमांक बहुतेक यंत्रांत सीआर २०३२ असतो आणि ती घड्याळाच्या दुकानातही मिळते. तारीख चुकीची असली की सुरक्षित संकेतस्थळे उघडत नाहीत. मग दोष इंटरनेटला दिला जातो आणि सेवा पुरविणाऱ्याकडे तक्रारी जातात.

मराठी मजकूर

लिनक्सबद्दलची सर्वांत कडवट तक्रार मराठीविषयी असते. "आमची पत्रे तिकडे वाचता येत नाहीत." जुने इतिवृत्त उघडावे तर पडद्यावर रोमन अक्षरे व चिन्हे यांचा कचरा दिसतो. हा दोष लिनक्सचा नव्हे. युनिकोडपूर्व काळातील शिवाजी, डीव्हीबी, श्रीलिपी, आकृती इत्यादी टंकांत प्रत्यक्षात रोमन अक्षरांच्याच जागी देवनागरी आकार बसविलेले होते. तो टंक नसेल तर आकार जातात, आणि खाली रोमन सांगाडा उरतो. तसा मजकूर दुसऱ्या विंडोजवरही असाच दिसेल. त्याचे युनिकोडमध्ये रूपांतर करून घेणे हा एकच खरा उपाय होय, मग लिनक्स वापरावे अगर न वापरावे. रूपांतरानंतर रफार, जोडाक्षरे आणि विशेषतः आकडे डोळ्यांनी तपासावेत. गट क्रमांकातील एक आकडा बदलला तर पुढे वाद उद्भवतो.

युनिकोडमधील मजकूर दोन्हीकडे बिनचूक उघडतो. मात्र विंडोजमधील मंगल हा टंक लिनक्सबरोबर येत नाही. त्याऐवजी लोहित किंवा नोटो हा टंक वापरला जातो. अक्षरांची रुंदी थोडी बदलते, ओळी सरकतात, आणि एका पानावरचा दाखला दीड पानावर जातो. लोहित किंवा नोटो दोन्ही प्रणालींवर बसवून सर्व पत्रे त्यातच केल्यास ही कटकट राहत नाही. बाहेर पाठवावयाची अंतिम प्रत पीडीएफ स्वरूपात काढावी.

टंकलेखनाचे तर लिपिकांना नव्याने काहीच शिकावे लागत नाही. इनस्क्रिप्ट हा कळफलक केंद्र शासनाच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने १९८६ मध्ये प्रमाण ठरविला आणि तो दोन्ही प्रणालींत तसाच आहे. बोटांना विंडोज कोणते आणि लिनक्स कोणते हे कळतही नाही.

वीज आणि छपाई

घाटमाथ्यावरील इगतपुरी, त्र्यंबकेश्वर परिसरात पावसाळ्यात वीज जाणे नित्याचे. चालू यंत्राची वीज गेली तर दोन्ही प्रणाली पुढच्या वेळी आपला हिस्सा तपासून घेतात आणि सहसा सावरतात. कधी लिनक्स 'इनिट-रॅम-एफएस' असे लिहून थांबते आणि कोणत्या हिश्श्यात गोंधळ आहे त्याचे नावही सांगते. त्या नावावर 'एफएससीके' ही तपासणीची आज्ञा देऊन यंत्र पुन्हा सुरू करावे. डिस्क मात्र खटखट आवाज करीत असेल, किंवा हाच संदेश वरचेवर येत असेल, तर तपासणी करू नये. डिस्क मरणपंथाला लागली आहे असे समजून आधी फाईली उतरवून घ्याव्यात, कारण तपासणीचा ताणही तिला सोसणार नाही. अद्ययावतीकरण चालू असता वीज जाणे अधिक वाईट. ते काम बॅटरीवर चालणारे साधन जोडूनच, आणि शक्यतो कार्यालय सुटण्याच्या घाईत नव्हे, करावे.

छपाईयंत्रांबाबत सरसकट नियम सांगता येत नाही. बहुतेक नवी यंत्रे जोडताक्षणी ओळखली जातात. काही जुनी लेसर यंत्रे निर्मात्याच्या खासगी भाषेतच बोलतात आणि तिचा लिनक्ससाठीचा चालक मिळविणे त्रासाचे होते. अशा ठिकाणी पीडीएफ तयार करून विंडोजमधून छापणे हा अधिक व्यवहार्य उपाय. आठवडाभर चालक शोधत बसण्यात अर्थ नाही. वाय-फाय लागत नसेल तर फोन केबलने जोडून त्याचे इंटरनेट वापरावे आणि हवा तो चालक उतरवून घ्यावा. चालक बसवूनही वाय-फाय मुके राहिले, तर सिक्युअर बूट या सुरक्षा-व्यवस्थेने त्याला अडविले असण्याचा संभव असतो. चालक बसविताना एक परवलीचा शब्द ठरवावयास सांगितला जातो, आणि पुढच्या वेळी यंत्र सुरू होताना निळ्या पडद्यावर तो विचारला जातो. घाईने हा पडदा ओलांडला की चालक चालत नाही. पुन्हा बसवून या वेळी थांबून शब्द द्यावा.

शिक्षणाची सोय मराठीतूनही आहे. मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील 'स्पोकन ट्युटोरियल' प्रकल्पाने लिनक्स, लिब्रे ऑफिस इत्यादी विषयांवर सुमारे दहा मिनिटांचे ध्वनिचित्र-पाठ तयार केले असून त्यांतील अनेक मराठी निवेदनासह उपलब्ध आहेत. एकदा उतरवून घेतले की ते इंटरनेट नसलेल्या शाळेतही दाखविता येतात. शाळेने लाइव्ह पेनड्राईव्ह, हे पाठ आणि बिटलॉकरच्या किल्लीचा बंद लखोटा यांची नोंद डेडस्टॉक नोंदवहीत करून ठेवली, तर शिक्षकाची बदली झाल्यावर नव्या शिक्षकाला त्या वस्तू शोधाव्या लागणार नाहीत.